ईएसआयचे पैसे कमी का आले?

प्रश्न: ऑगस्टमध्ये टायफॉइडमुळे 12 दिवस घरी होतो. पहिले चार दिवस गावच्या खासगी डॉक्टरांचं औषध घेतलं, पाचव्या दिवशी ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) दवाखान्यात गेलो. बँकेत 2,520 रुपयेच जमा झाले. महिना पगार 15,600, पगारपत्रकावर 26 दिवस. बाकीचे पैसे कुठे अडकले?

उत्तर: अडकलेले नाहीत, हिशेब बरोबर आहे. आजारपणाचा भत्ता ईएसआयच्या डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलेल्या दिवसांचाच मिळतो. तुम्ही पाचव्या दिवशी गेलात, म्हणजे सर्टिफिकेट आठ दिवसांचं. त्यातले पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे, त्यांचे पैसे नसतात. उरले सहा. रोजचा सरासरी पगार 600, त्याचे 70 टक्के 420, आणि 420 गुणिले 6 म्हणजे 2,520.

खासगी डॉक्टरांची चिठ्ठी पर्यायी पुरावा म्हणून ईएसआयच्या शाखा कार्यालयात देता येते. ती मान्य करायची की नाही हे मात्र कार्यालय ठरवतं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. ताप आला त्याच दिवशी दवाखाना गाठा, अंगात त्राण नसेल तर कुणाला तरी सोबत न्या. तुमचं नुकसान त्या चार दिवसांत झालंय. बरं वाटल्यावर 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर ते दोन दिवस दुसऱ्यांदा कापले जात नाहीत.

भत्ता चालू असताना काही बंधनं तुमच्यावरही असतात. औषधोपचार दवाखान्याच्या सांगण्याप्रमाणे घ्यायचे, तपासणीला बोलावलं की जायचं आणि डॉक्टरांची परवानगी न घेता गाव सोडायचं नाही. आजारपणात आईकडे जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. फक्त आधी विचारून जा. ज्या दिवसांची पगारी रजा घेतली, त्या दिवसांचा भत्ता मागायचा नाही. दोन्ही घेतले तर वसुली निघते.

एक गोष्ट जरूर तपासा. ऑगस्टच्या आजारपणाला आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचा पगार धरतात आणि त्या सहामाहीत किमान 78 दिवसांचं अंशदान (तुमच्या आणि मालकाच्या वाट्याची विम्याची रक्कम) लागतं. कंपनीने 26 ऐवजी 30 दिवस भरले असते, तर सरासरी 520 वर आली असती आणि रोजचा भत्ता 364. पगारपत्रकावरचे दिवस ईएसआयच्या पोर्टलवरच्या दिवसांशी जुळतात का, हे दर सहामाहीला पाहा. वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस भत्ता मिळतो. क्षयरोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांना वेगळा, 80 टक्क्यांचा लाभ आहे.

प्रश्न: जूनपासून पगार 22,000 झाला. ईएसआयचं कार्ड लगेच बंद होईल का?

उत्तर: नाही. ईएसआयसाठी महिना पगाराची मर्यादा 21,000 ची असली, तरी एप्रिल ते सप्टेंबरच्या मध्ये पगार वाढला तर 30 सप्टेंबरपर्यंत पूर्ण पगारावर कपात चालू राहते. त्या सहामाहीचा लाभकाळ, म्हणजे तिच्या अंशदानावर लाभ मिळण्याचा काळ, पुढच्या जानेवारी ते जून असतो, त्यामुळे अटी पुऱ्या असतील तर 30 जूनपर्यंत तुमचा हक्क राहतो. ऑक्टोबरमध्ये कपात थांबली की अनेक जण दवाखान्यात जाणंच सोडून देतात. तसं करू नका.

प्रश्न: मीही 15,600 वर आहे. ठेकेदार दरमहा ईएसआयचे 624 रुपये कापतो. हे योग्य आहे का?

उत्तर: मुळीच नाही. तुमचा वाटा 0.75 टक्के, म्हणजे 117 रुपये. उरलेले 3.25 टक्के, म्हणजे 507 रुपये, मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे असतात. कामगाराच्या पगारातून ते कापणं बेकायदा आहे. आपल्या दहा आकडी विमा क्रमांकाने पोर्टलवर जाऊन पैसे खरंच जमा होतात का ते आधी बघा. मग पगारपत्रकांच्या प्रती जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. अर्जात ठेकेदारासोबत मूळ कंपनीचंही नाव घाला, कारण ठेकेदाराच्या कामगारांचं अंशदान भरण्याची जबाबदारी आधी तिची असते.