‘टेरर’ तीन टॉर्पेडो पचवून तरली, मग बॉम्बनी कशी गेली?

तुमचा प्रश्न रास्त आहे. १९१७ मध्ये तीन टॉर्पेडो बसूनही वाचलेली ब्रिटिश युद्धनौका एचएमएस टेरर १९४१ मध्ये विमानांपुढे का टिकली नाही? पण आधी ती कशासाठी बांधली होती ते पाहायला हवं. कुणी तिला ‘छोटी बॅटलशिप’ म्हणेल, पण तशी ती नव्हती. ती मॉनिटर होती, म्हणजे १५ इंची तोफांची एक जोडी किनाऱ्याजवळ नेऊन ठेवायचा तरंगता चौथरा. लांबी सुमारे १२३ मीटर, रुंदी तब्बल २७ आणि पाण्याखाली जेमतेम साडेतीन मीटर. मोठ्या युद्धनौका रुततील अशा उथळ पाण्यातून ती पंचवीस किलोमीटरहून लांब, पाऊण टनापेक्षा जड गोळा टाकू शकायची. वेग मात्र १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर.

बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फने १९१६ मध्ये ती बांधली. जर्मनांच्या ताब्यातला बेल्जियमचा किनारा हे तिचं पहिलं गिऱ्हाईक. १९ ऑक्टोबर १९१७ ला डंकर्कजवळ तिला टॉर्पेडो लागले. दोन नाकाकडे बसले, तिथे टॉर्पेडोपासून वाचवणारा पोकळ फुगवटा नव्हता, त्यामुळे पुढचा भाग पार फाटला. तिसरा मात्र दोन्ही अंगांना बांधलेल्या त्या फुगवट्यावर फुटला आणि त्याने फारसं बिघडलं नाही. स्फोट मूळ कवचापासून लांब व्हावा, हाच त्या फुगवट्याचा हेतू. पोर्ट्समथला दुरुस्त होऊन एप्रिल १९१८ मध्ये बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरावर झालेल्या ब्रिटिश हल्ल्यात ती पुन्हा तोफा डागत होती.

मधल्या वीस वर्षांत सांगण्यासारखं थोडंच. तोफांच्या चाचण्या, प्रशिक्षण, आणि १९३४ पासून सिंगापूरला तळ-जहाज. (युद्धानंतर तिथल्या नौदल तळालाच ‘टेरर’ नाव होतं.)

१९४० मध्ये ती माल्टाला आली आणि इटली युद्धात उतरल्यावर तिथे विमानविरोधी तोफांचं काम करू लागली. खरा हंगाम डिसेंबरमध्ये सुरू झाला. ८-९ डिसेंबरच्या रात्री तिने इजिप्तच्या किनाऱ्यावरच्या मक्तिला इथल्या इटालियन छावणीवर मारा केला. जमिनीवरून याच चढाईत चौथी भारतीय डिव्हिजन सिदी बर्रानीकडे निघाली होती. पुढे लिबियातलं बार्दिया, मग तोब्रुक. मधल्या वेळात वाळवंटातल्या फौजेसाठी पिण्याचं पाणीसुद्धा तिने वाहून नेलं. हे मला तोफांच्या माऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण त्या वाळवंटात चढाई अडायची ती पाण्यावाचून. इतका मारा करून तिच्या तोफांच्या नळ्या पार झिजल्या होत्या.

आता तुमचा प्रश्न. फेब्रुवारी १९४१ मध्ये लिबियातलं बेनगाझी बंदर ब्रिटिशांच्या हाती आलं आणि तिला तिथे ठेवलं. बंदराला पुरेशी विमानविरोधी तोफांची ढाल नव्हती, आणि सिसिलीत जर्मन विमानदल येऊन बसलं होतं. आज ना उद्या बॉम्ब बसणारच, असं तिच्या कप्तानाने वर कळवलं होतं. २२ तारखेला जवळ फुटलेल्या बॉम्बनी आत पाणी शिरलं. तोब्रुकला निघण्याचा हुकूम आला, तर बंदराबाहेर पडताना पाणसुरुंग फुटले. दुसऱ्या दिवशी देर्नाच्या बाजूला पुन्हा विमानं आली आणि जहाजाचा कणाच मोडला. ओढून न्यायचा प्रयत्न झाला, शेवटी खलाशी उतरवून तिला बुडवावं लागलं.

माझ्या मते उत्तर इथेच आहे. फुगवटा बाजूने आलेला धक्का झेलतो. सुरुंग आणि शेजारी पाण्यात पडलेले बॉम्ब मात्र खालून हादरे देतात, तिथे त्याचा उपयोग नाही. त्यात वेग १२ नॉट, म्हणजे वळून बॉम्ब चुकवायची सोय नाही. मोठ्या तोफा विमानांपुढे निरुपयोगी. तरी माझ्या लेखी मोठा दोष जहाजाचा नाहीच, विमानांचं छत्र नसताना तिला त्या बंदरात बसवून ठेवण्याचा आहे.

याला पुरावा तिची जुळी बहीण एरेबस. एप्रिल १९४२ मध्ये त्रिंकोमालीत जपानी विमानांनी तिलाही झोडपलं, पण ती वाचली आणि जून १९४४ मध्ये, आकाश दोस्तांच्या ताब्यात असताना, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर त्याच जुन्या १५ इंची तोफा डागत होती.