नववीच्या मुलांना आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) शिकवायचाय, ब्लॉक कोडिंगने (तयार ठोकळे ओढून) सुरू करू की थेट सी भाषेने?

ब्लॉकनेच सुरू करा, त्यात कमीपणा काही नाही. मी डिचोलीकडे एका हायस्कूलात शिकवतो, गोव्यात सरकारच्या केअर्स योजनेमुळे सहावी ते आठवीत कोडिंग-रोबोटिक्स असतंच, म्हणजे नववीत येणाऱ्या पोरांनी स्क्रॅच हे ब्लॉक कोडिंग पाहिलेलं असतं. थेट सी दिली की अख्खा तास सेमीकोलन शोधण्यात जातो आणि एलईडी काय पेटत नाही.

पण ब्लॉकमुळे भाषा सोपी होते, वीज नाही होत! 'पिन हाय करा' हा ब्लॉक ओढला की पिनवर ५ व्होल्ट येतात, लाल एलईडी त्यातले साधारण २ घेते, उरलेले ३ कुठेतरी पडायला हवेत म्हणून २२० ओहमचा रेझिस्टर लावायचा, मग करंट १३-१४ मिलीअँपिअर, हा हिशोब ब्लॉकमध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून आधी नुसते सेल, ब्रेडबोर्ड (वायर खोचून सर्किट जोडायची पाटी) आणि मल्टिमीटर द्या, कॉम्प्युटर बंदच ठेवा. टिंकरकॅड हा ऑनलाइन सिम्युलेटरही वापरा, रेझिस्टर विसरला तर तिथे एलईडी स्क्रीनवरच फुटते, खर्च शून्य. फक्त तिथली वायर कधी सैल होत नाही, आणि आमच्या जुलैच्या दमट हवेत गंज धरलेली जंपर वायर शोधणं हे वेगळंच शिक्षण आहे.

एमब्लॉक हे ब्लॉक कोडिंगचं सॉफ्टवेअर घेतलंत तर लाइव्ह आणि अपलोड मोडमधला फरक पहिल्याच दिवशी सांगा. लाइव्हमध्ये प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर चालतो, यूएसबी काढली की सगळं थंड, आणि पोरं बोर्ड जळला म्हणून बोंब मारतात. अपलोड मोडमध्ये ब्लॉकशेजारी सीचा कोडही दिसतो, तो नुसता बघू दे, पाठ करायला लावू नका.

प्रोजेक्टला ट्रॅफिक सिग्नल नको, सगळीकडे तोच असतो. आमच्याकडे दिवाळीचा नरकासुराचा पुतळा आयता मिळतो, डोळ्यांत एलईडी, मुंडी फिरवायला छोटी सर्व्हो मोटर. ती ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालवू नका, तेवढा करंट त्या बॅटरीला झेपत नाही आणि बोर्ड सारखा रिसेट होतो. सर्व्होला ४ पेन्सिल सेल वेगळे द्या, ग्राउंड मात्र बोर्डाशी जोडलेला हवाच.

आणि खरी गंमत इथेच आहे. स्क्रॅचमध्ये दोन हिरवे झेंडे (सुरुवातीचे ब्लॉक) लावले की दोन कामं एकदम चालतात, म्हणून पोरं डोळ्यांना एक आणि मुंडीला एक अशी दोन स्क्रिप्ट लिहितात. ऊनोवर (आर्डुइनोचा नेहमीचा बोर्ड) लूप एकच, त्यात 'थांबा १ सेकंद' टाकलं की तेवढा वेळ मुंडीही थांबते. असं का होतं हे त्यांनी स्वतः विचारलं की मगच सीमधलं मिलिस (किती मिलिसेकंद झाले ते सांगणारं फंक्शन) दाखवा, तेव्हा सेमीकोलनचा कंटाळा येत नाही. मायक्रोबिट हा दुसरा छोटा बोर्ड परवडत असेल तर त्याच्या मेककोड या ब्लॉक एडिटरमध्ये दोन 'फॉरएव्हर' (सतत चालणारे ब्लॉक) एकत्र चालतात, तिथे ही अडचण बरीच उशिरा येते, त्यामुळे सहावीला मी तोच देईन, नववीला ऊनो.