साडेतीन वर्षांच्या मुलाला हॉटेलात शांत बसायला कसे शिकवावे?

तुमचा मुलगा हॉटेलात दहा मिनिटांत खुर्चीवरून उतरून टेबलाखाली शिरतो आणि नातेवाईक ‘जरा वळण लावा’ असे सुनावतात, असे तुम्ही लिहिले आहे. ‘वळण’ हा शब्द वाचला म्हणूनच उत्तर लिहायला बसलो, कारण याच शब्दावरून सहा वर्षांपूर्वी माझे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे जे बिनसले, ते अजून पुरते मिटलेले नाही.

आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही अकरा जण बाहेर जेवायला गेलो होतो. माझी मुलगी तेव्हा तुमच्या मुलाच्याच वयाची होती. घरी ती साडेबाराला जेवून दोनला झोपत असे, आणि आम्हाला टेबल मिळाले दीड वाजता. त्यानंतर मेन्यू कार्डे या टोकाकडून त्या टोकाकडे फिरत राहिली आणि ऑर्डर द्यायलाच वीस मिनिटे गेली. पहिला पाऊण तास म्हणावा इतका नाही, पण चांगली पंधरा मिनिटे मुलगी शहाण्यासारखी बसली होती, हे आज कोणालाही आठवत नाही. मग तिने मीठदाणी उपडी केली आणि सांडलेल्या मिठात बोटाने एक घर काढले. त्या घराला ती दार काढत असतानाच बहिणीने तिचा हात बाजूला करून मीठ झाडून टाकले. मुलगी टेबलाखाली गेली, तिथे तिने तिघांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि वर येताना टेबलावरचे कापड धरल्यामुळे पाण्याचा पेला वडिलांच्या मांडीवर आडवा झाला. वडील हसले. बहीण हसली नाही. तिने आपला मोबाइल मुलीच्या हातात दिला आणि मला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, “घरी एका जागी बसवून जेवू घालत नाहीत, मग चारचौघांत दुसरे काय होणार?”

मोबाइलने मुलगी गप्प झाली, हे खरे आहे. परंतु जेवण आल्यावर तो काढून घेताच तिने असे भोकाड पसरले, की शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. मी तिला उचलून बाहेर नेले. गाड्या उभ्या करण्याच्या जागेत आम्ही चाके मोजू लागलो. तिला बारापर्यंतच अंक येत असल्यामुळे दर तीन गाड्यांनंतर पुन्हा एकपासून सुरुवात होत होती. दहा मिनिटांनी परत येऊन तिने चार घास खाल्ले आणि ती माझ्या मांडीवर झोपली. बहिणीच्या मते मी तिला बाहेर नेले म्हणजे तिचा हट्ट पुरवला.

माझ्या मते यात हट्टाचा प्रश्नच नव्हता. आवेग आवरण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. साडेतीन वर्षांच्या भुकेल्या, झोपेला आलेल्या मुलाने मोठ्यांच्या गप्पा ऐकत तासभर स्वस्थ बसावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. वेळ तुमच्या सोयीची नव्हे, मुलाच्या जेवणाची निवडा. बसल्याबरोबर त्याच्यापुरते काहीतरी आधी मागवा, आणि त्यात एक तरी ओळखीचा पदार्थ असू द्या, कारण साधारण दोन ते सहा वर्षे या वयात नव्या चवीविषयीचा संशय सर्वांत जास्त असतो. वही आणि रंगखडू आल्या आल्या न काढता ऑर्डर दिल्यावर काढा. जेवण येण्यापूर्वी कोणीतरी एकाने त्याला बाहेर एक फेरी मारून आणावी, आणि ते कोणी करायचे हे घरूनच ठरवून निघावे. पळण्याबाबत मात्र अजिबात सवलत नको. वेटरच्या हातात गरम भांडी असतात आणि तोंडात घास असताना पळणाऱ्या मुलाला ठसका लागून घास घशात अडकू शकतो.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितले आहे, की एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा समजावी. बहिणीला मी हे तेव्हाच पाठवले होते. तिचे उत्तर आले नाही. अर्थात तासभर म्हणजे बंदी नव्हे, आणि दोन मुलांना एकट्याने सांभाळताना मीही फोन पुढे केलेला आहे. माझे भांडण ऐन ताट समोर आल्यावर तो हिसकावून घेण्याशी आहे.

न्यायाने सांगायचे तर बहिणीचे एक म्हणणे खरे होते. आम्ही घरी वाटी घेऊन मुलीच्या मागे मागे फिरत होतो. त्या दिवसानंतर रोजचे एक जेवण सर्वांनी एकत्र बसून करायचे ठरवले, आणि हॉटेलातल्या कोणत्याही युक्तीपेक्षा त्याचाच उपयोग अधिक झाला, पण त्याला काही महिने लागले. तुमचा मुलगा घरीही प्रत्येक आवाजाने, गर्दीने बेचैन होत असेल, तर मात्र हे सारे बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांशी बोला.

आणि बिल मुलाचे खाणे संपत आले की लगेच मागवा. आमच्याकडे पुढे पुढे सर्वांत मोठा गोंधळ बिलाची वाट पाहतानाच होत असे.