हिवाळ्याआधी घर, गाडी आणि जनावरांसाठी काय तयारी करावी?

तुमचा प्रश्न असा आहे की, रात्री पारा शून्याखाली जाऊ लागण्याआधी घर, बाहेर उभी असणारी गाडी आणि गाई-वासरं, कोंबड्या, कुत्रा यांच्यासाठी काय करून ठेवावं; आणि गोठा ताडपत्रीने चारही बाजूंनी बंद केला तर चालेल का.

ताडपत्रीपासूनच सुरुवात करतो. चारही बाजूंनी बंद करू नका. जनावरं नुसत्या गारठ्यापेक्षा ओलीने आणि कोंडलेल्या हवेने जास्त आजारी पडतात. दाट केसांची, पोटभर खाल्लेली, कोरडी गाय उणे ७-८ अंशांपर्यंत आपली ऊब आपणच राखते. तीच गाय भिजलेली असेल तर १५ अंशांच्या खालीच तिला जादा वैरण लागायला लागते. एवढा फरक फक्त अंगावरच्या पाण्याने पडतो.

म्हणून ज्या बाजूने वारा येतो ती बाजू जमिनीपासून जनावराच्या पाठीच्या वर हातभर बंद करा आणि छपराखाली मात्र मोकळी पट्टी ठेवा. श्वासाची वाफ आणि मुताचा उग्र वास तिथून निघून जातो. वरपर्यंत बांधून घेतलंत तर तीच वाफ पत्र्याला धरते आणि पहाटे जनावरांच्या पाठीवर ठिबकते. अमोनियामुळे वासरांच्या फुप्फुसांना त्रास होतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

हवा पुरते की नाही हे उभं राहून कळत नाही. सकाळी शेण काढायच्या आधी आत जा आणि वासराच्या नाकाच्या उंचीला खाली बसा. डोळे चुरचुरले तर वरची पट्टी वाढवा. तिथेच गुडघा टेकून अंगाचा भार पेंढ्यावर टाका आणि वीसेक सेकंद थांबा. गुडघ्याला ओल लागली तर वरचा पेंढा कितीही कोरडा दिसो, खालपासून सगळा बदला. थर एवढा जाड हवा की बसलेल्या वासराचे पाय त्यात दिसेनासे झाले पाहिजेत.

तीन आठवड्यांच्या आतलं वासरू असेल तर आधी त्याच्याकडे बघा. १५ अंशांच्या खाली गेलं की त्याला थंडी बाधायला लागते, आणि रवंथ सुरू झालेला नसल्याने चाऱ्यातून ऊब मिळत नाही. त्याचं दूध वाढवा, अंगावर कोरडी झूल घाला आणि ती ओली झाली की लगेच बदला. मोठ्या जनावरांच्या पोटात सुका चारा आंबताना भरपूर उष्णता तयार होते, म्हणून कडाक्याच्या रात्रीआधी संध्याकाळची वैरण सढळ हाताने टाका. पाण्यावर बर्फ धरला असेल तर तो फोडून काढा, जमलं तर कोमट पाणी द्या. पाणी कमी प्यायलं की खाणं कमी होतं आणि मग दूधही आटतं.

कोंबड्यांनाही हाच नियम लावा. खुराड्यात वरच्या बाजूला झरोका हवा, कारण दमट हवेत त्यांचे तुरे गारठून काळे पडतात. उबेसाठी दिवा टांगण्याच्या मात्र मी पूर्ण विरोधात आहे. पेंढा, पिसं आणि धूळ असलेल्या जागी तो पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. कुत्र्याचं घर त्याला वळून बसता येईल एवढंच ठेवा, जमिनीपासून थोडं उचलून, तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. आत पेंढा घाला. गोधडी ओल धरून ठेवते.

आता घर. फटी जरूर बुजवा, पण खोलीत कोळसा, लाकूड किंवा गॅस जळत असेल तर हवा यायला-जायला वाट ठेवाच. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते आणि त्या झोपेतच माणूस जातो. पेटती शेगडी ठेवून झोपायचं नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दहादा सांगावं लागलं तरी सांगा, आणि या वायूचा इशारा देणारं यंत्र बसवून घ्या. २००० वॅटचा विजेचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो, तो थेट भिंतीच्या दणकट सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डला नको. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतात, म्हणून उघड्यावरचे पाइप गुंडाळा किंवा रात्री मुख्य व्हॉल्व्ह बंद करून ती लाइन रिकामी करा.

गाडीची बॅटरी आधी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ठीक आहे. १२.२ च्या खाली असेल तर ती निम्म्याहून जास्त उतरलेली आहे. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ ते १० अंशांतही गोठू शकते, आणि गोठलेल्या बॅटरीला कधीही चार्जिंग लावू नका, ती फुटू शकते. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण २ पीएसआयने कमी होते, ती टायर थंड असतानाच बघा. काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतू नका.

कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पण कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर लागतं आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी करतं. सांडलेला थेंबन् थेंब पुसा, जागा धुऊन टाका, डबा घट्ट बंद करून उंचावर ठेवा. एखाद्याने चाटलं अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता त्याच घटकेला पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या बाबतीत उपचाराला हाताशी जेमतेम तीनेक तास असतात.