सॉफ्टवेअर म्हणतं, हे तू लिहिलेलंच नाही

"मॅडम, लिहिलंय मी आणि सिद्धही मीच करायचं?" एम.ए. अर्थशास्त्राची ही विद्यार्थिनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. आठवडी बाजारातल्या भाजीवाल्या बायकांच्या कर्जांवर तिनं इंग्रजीत प्रकल्प लिहिला. कॉलेजच्या सॉफ्टवेअरनं तो 'एआयनं लिहिलेला' ठरवला आणि अंतर्गत गुण अडकले. झोप उडाली होती, जेवण जात नव्हतं. घरी अजून काही सांगितलं नव्हतं.

हीच काळजी घेऊन हल्ली बरीच मुलं येतात. त्यांना मी आधी हे सांगते, की 'इतके टक्के एआयनं लिहिलंय' असा सॉफ्टवेअरचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, यावर ही सॉफ्टवेअर्स बऱ्याच अंशी अंदाज बांधतात. इंग्रजी नंतर शिकलेली मुलं ओळखीचे शब्द, साधी वाक्यं वापरतात आणि नेमकी तीच अडकतात. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची इंग्रजीची परीक्षा) ९१ निबंध अशा सात डिटेक्टरना, म्हणजे एआयचं लेखन ओळखणाऱ्या सॉफ्टवेअर्सना, दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के यंत्रलिखित ठरले! चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनं त्याच वर्षी जुलैत स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून बंद केला.

मग मी विचारलं, "एआय अजिबात वापरलं नाहीस?" ती गप्प झाली. दोन परिच्छेदांचं व्याकरण तिनं चॅटजीपीटीकडून तपासून घेतलं होतं. "हे सरांना तूच आधी सांग," मी म्हटलं. लपवलेली छोटी गोष्ट उघडी पडली, की खऱ्या कष्टांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पुढच्या भेटीला तिनं सगळं आणलं. गुगल डॉक्समधल्या जुन्या आवृत्त्या आणि मुलाखतींची वही. वहीत एका बाईचं रोजच्या व्याजाचं गणित होतं, सकाळी घेतलेले पैसे संध्याकाळी किती होऊन फेडायचे याचं. ते समजावताना तिचा आवाज पहिल्यांदा मोकळा झाला. विभागप्रमुखांना द्यायचा अर्ज आम्ही मिळून लिहिला. त्यात मागणी एकच होती, माझी तोंडी परीक्षा घ्या.

विद्यापीठांनीही हेच करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कच्चे खर्डे मागवावेत, एआय कुठे चालेल हे सत्राच्या सुरुवातीलाच लेखी सांगावं आणि गुण देण्याआधी दहा मिनिटं तरी समोर बसवून प्रश्न विचारावेत. शंभर मुलांच्या वर्गात शिक्षकांवर ताण येईल, हे खरंच आहे. त्यासाठी रिकामी पदं भरावी लागतील. पण त्यांच्या कामाचा भार मुलांवरच्या संशयात उतरवू नये.

तिची तोंडी परीक्षा झाली. सरांनी त्या व्याजाच्या गणितावरच सर्वांत जास्त प्रश्न विचारले. प्रकल्प मान्य झाला, व्याकरणाच्या मदतीची तळटीप तेवढी जोडायला सांगितली.