फर करताना आधी दिशा, मग संख्या

तू 3D मध्ये केलेला कोल्हा पाहिला. फर प्लास्टिकची वाटते, कारण सगळे केस एकाच लांबीचे आणि एकाच जाडीचे आहेत. केसांची संख्या वाढवून हे सुटणार नाही, रेंडर, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र काढणं, तेवढं जड होईल. आधी मोजकेच गाइड केस, म्हणजे बाकीच्यांना दिशा देणारे केस, घे आणि दिशा बसव. नाकापासून केस मागे वळतात. नाकाडावर अगदी आखूड असतात, गालाकडे जाता जाता लांब होतात. या कामात दोन दिवस गेले तरी जाऊ देत, खरंच.

मग दोन थर वेगळे कर. खाली दाट, मऊ, बारीक लव. वर विरळ, लांब, राठ केस, टोकाकडे निमुळते. टोकांशी केस एकत्र येऊन झुपके होतात. ते लहानमोठे ठेव आणि मधूनच एखादा केस सुटलेला असू दे. मला तर फर जिवंत होते ती तिथेच, असं वाटतं.

शेडरचं, म्हणजे केसांवर प्रकाश कसा दिसेल ते ठरवणाऱ्या भागाचं म्हणशील तर, 2003 सालचं मार्शनर मॉडेल, म्हणजे केसांवरच्या प्रकाशाचं गणित, माणसाच्या केसांसाठी होतं. प्राण्यांच्या केसांतला गाभा, म्हणजे मेड्युला, बहुधा जास्त रुंद असतो. तो प्रकाश विखुरतो, म्हणून फर मऊ दिसते. तेव्हा चकाकी उतरव आणि एक दिवा मागून लावून कडा बघ.