माटुंग्याला एक दिवस फक्त खायला यायचंय. कुठे जावं? की सगळीकडे तेच इडली-डोसे?

प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. "तेच इडली-डोसे" हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, तेही घरातच, माझ्या सख्ख्या काकांच्या तोंडून.

तेच नाही. नुसतं सांबार बघा. उडुपी सांबारात गूळ आणि वाटलेलं खोबरं. तमिळ घरातलं सांबार चिंच आणि हिंगाचं, ते गोड लागलं तर पाट्टी, म्हणजे तमिळ आजी, ताट सरकवून ठेवेल. कॅफे मद्रास १९४०चं. नाव मद्रासचं, पण चालवणारे कामत, घरी कोकणी बोलणारे. राम आश्रय १९३९चं, शेट्टींचं. स्टेशनाजवळ पहिल्या मजल्यावर राम नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२पासूनचं, केळीच्या पानावर जेवण. उडुपीच्या कृष्णमठाच्या रीतीत कांदा-लसूण बसत नाही, त्या चवीची सवय व्हायला दोन जेवणं जातात. आणि माहेश्वरी उद्यानाच्या कोपऱ्यावर कूलर, तो तर इराणी. तिथे आम्लेट, ब्रून म्हणजे कडक पाव, आणि चहा. चालत दहा मिनिटांच्या आत एवढं सगळं, आणि तुम्ही त्याला एकच म्हणता?

ही ठिकाणं हौसेखातर निघालेली नाहीत. १८९६च्या प्लेगनंतर शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंग्याकडे आखीव वस्ती केली आणि दक्षिणेकडचे कारकून, टायपिस्ट, रेल्वेवाले इथे येऊन राहिले. त्यातल्या एकट्या पुरुषांना दोन वेळ जेवायला हवं होतं, म्हणून बोर्डिंगं. महिन्याचे पैसे भरायचे आणि जेवायचं.

माझे बाबा असेच जेवले. देवगडहून १९६४ साली आले, माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात लागले. एका खोलीत चौघे, स्टोव्ह पेटवायला मालकाची परवानगी नाही. बोर्डिंग स्टेशनाजवळच होतं, आता ते नाही. १९६८च्या पावसाळ्यात बाबांना कावीळ झाली. सोबतचे तिघे सकाळी सातला कामावर जायचे. तिसऱ्या दिवशी बोर्डिंगातला वाढपी, बाबांच्याच वयाचा, डबा घेऊन जिना चढून आला. डब्यात पेज आणि वेगळ्या वाटीत पातळ ताक. तो पेजेला गंजी म्हणायचा. बाबा म्हणायचे, देवगडला आई करायची तीच चव, फक्त तांदूळ वेगळा. तीन आठवडे तो रोज आला. महिन्याच्या हिशोबात मालकाने ते दिवस धरलेच नाहीत.

आप्पा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, लालबागला गिरणीत होते. १९६६ला सेना निघाली तेव्हापासून शाखेत. "बजाव पुंगी, हटाव लुंगी" ही घोषणा त्यांनी मनापासून दिलेली आहे. बाबांना बघायला आले, पेजेचा डबा बघितला आणि म्हणाले, "ह्यांच्या हातचं खाऊन बरा होणार तू?" बाबा काही बोलले नाहीत, पेज मात्र संपवली. १९६९च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली, तेव्हा त्या बोर्डिंगाच्या काचा फुटल्या. दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत. त्या वाढप्याबरोबर काचा झाडल्या आणि स्वयंपाकघरात बसून त्या सगळ्यांबरोबर जेवले. कुणीतरी ते लालबागला कळवलं. दोघे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढे बोलणं झालं, येणंजाणं झालं. पण बाबा राम आश्रयमधून अननसाचा शिरा आणायचे तेव्हा आप्पा ताटली पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, सगळीकडे तेच, त्यात काय एवढं. मी रुइया कॉलेजात होते, वाद घालायची खुमखुमी होती, पण काकांपुढे तोंड उघडलं नाही. आज आप्पाही नाहीत, बाबाही नाहीत. म्हणून इथे लिहिते. आप्पा, तुमचा धाकटा भाऊ ज्या पेजेवर उठून उभा राहिला, ती त्यांच्या हातची होती. तुम्ही तीन आठवड्यांत दोनदा आलात.

एवढं लिहून झाल्यावर हेही सांगायला हवं की आप्पांचा राग अगदीच उगाच नव्हता. त्यांच्या चाळीतली मॅट्रिक झालेली पोरं नोकरीसाठी वर्षानुवर्षं वणवण फिरली, ते त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. पण तो राग पेज आणून देणाऱ्यावर काढायचा नव्हता, हे माझं मत कधी बदलणार नाही.

तुमच्या दिवसाचं म्हणाल तर सकाळी सातच्या आत राम आश्रय गाठा. फळ्यावर लिहिलेलं वाचून मागवा. नंतर फुलबाजारातून एक चक्कर मारा, मोगरा आणि दळलेल्या कॉफीचा वास तिथेच मिळेल. अकराच्या सुमारास कॅफे मद्रासला रसम वडा. चीज घातलेला डोसा मागवू नका, त्यासाठी इतक्या लांब यायचं कारण नाही. रविवारी तर येऊच नका, नाव लिहून तासभर फुटपाथवर उभं राहावं लागतं. नव्या कॅफेंचं विचाराल तर तिथे मी जात नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल माझ्यावर विसंबू नका.

दुपारी उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगात जेवायला जा, आणि मोजकी नव्हे, पोटभर थाळी घ्या. वाढणारा भरभर येतो, तुम्ही मान हलवलीत तरी वाढून पुढे जातो. पुरे झालं असेल तर पानावर हात आडवा धरा.